‘डू’ आधी शिका, बारा काळ नंतर

मराठी माध्यमात शिकून नोकरीला लागलेल्या मुलामुलींचं इंग्रजी नेमकं कुठे अडतं हे पाहायचं असेल, तर त्यांचे शब्द मोजत बसू नका. शब्द त्यांच्याकडे भरपूर असतात. ‘तू काल बँकेत गेलास का?’ एवढंच इंग्रजीत विचारायला सांगा. ‘डिड यू वेन्ट टू द बँक यस्टरडे?’ हे हमखास ऐकू येतं. काही जण ‘यू वेन्ट टू द बँक?’ म्हणतात आणि नुसता सूर चढवून वेळ मारून नेतात. नकार द्यायची वेळ आली की ‘आय डिडन्ट वेन्ट’, नाहीतर ‘ही डोन्ट नोज’. हीच मुलं दिवसभर हिशेब सांभाळतात, मशीन चालवतात, गिऱ्हाइकांच्या तक्रारी निस्तरतात. अक्कल कमी पडते म्हणून ही चूक होत नाही. एका दोन अक्षरी क्रियापदाचं काम त्यांना कुणी उलगडून दाखवलेलं नसतं. ते क्रियापद म्हणजे ‘डू’.

शाळेत बारा काळांचा तक्ता पाठ करून घेतात. ‘आय शॅल हॅव बीन गोइंग’पर्यंत घोकंपट्टी चालते. असलं वाक्य इंग्लंडात जन्मलेला माणूसही क्वचितच बोलतो. ‘डू’ मात्र व्याकरणाच्या पुस्तकात ‘साहाय्यक क्रियापदे’ या शीर्षकाखाली दोन ओळींत उरकलेला असतो. दिवसभराच्या बोलण्यात आपण सतत प्रश्न विचारतो, नाही म्हणतो, विचारल्याला उत्तर देतो. या तिन्ही ठिकाणी ‘डू’ लागतो. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की इंग्रजी बोलायला शिकणाऱ्या मराठी माणसानं सगळ्यात आधी ‘डू’ पक्का करावा. आणि तो पक्का करायची किल्ली मराठीतच आहे.

‘तू येतोस’ या वाक्याला नकारार्थी करा. ‘तू येत नाहीस.’ आता थांबून बघा काय झालं. ‘येतोस’मधला ‘स’ उठला आणि ‘नाही’ला जाऊन चिकटला. मागे राहिलं नुसतं ‘येत’. ‘ते येतात’चं ‘ते येत नाहीत’ होतं, तिथे अनेकवचनाचा ‘त’ ‘नाही’वर गेला. ‘तू आलास’चं ‘तू आला नाहीस’. कोण येतंय हे सांगणारी खूण वाक्यात एकदाच येते, आणि मदतीला दुसरा शब्द आला की ती खूण त्याच्याकडे जाते. ‘तू येतोस नाहीस’ असं मराठीत वाढलेलं चार वर्षांचं मूलही म्हणत नाही.

इंग्रजी ‘डू’चं काम हुबेहूब हेच आहे. ‘ही कम्स’ म्हणजे तो येतो. ‘ही डझ नॉट कम’ म्हणजे तो येत नाही. ‘कम्स’मधली शेवटची खूण ‘डू’वर गेली, त्याचा ‘डझ’ झाला आणि मागे मूळ ‘कम’ राहिला. भूतकाळातही तेच. ‘ही केम’ची भूतकाळाची खूण ‘डू’नं घेतली, तो ‘डिड’ झाला, आणि ‘केम’ पुन्हा ‘कम’ झाला. खूण एकदा ‘डिड’नं घेतल्यावर ‘वेन्ट’ म्हणायचं कारणच उरत नाही. ‘डिड यू वेन्ट’ ही चूक म्हणजे इंग्रजीतलं ‘येतोस नाहीस’.

सरावासाठी मी एक युक्ती सांगतो. कुठलंही साधं इंग्रजी क्रियापद हे मिटलेलं आहे असं समजा आणि ते उघडा. ‘वेन्ट’ उघडलं की ‘डिड गो’. ‘नोज’ उघडलं की ‘डझ नो’. ‘लिव्ह’ उघडलं की ‘डू लिव्ह’. उघडल्यावर प्रश्न हवा असेल तर पहिला तुकडा कर्त्याच्या आधी न्या: ‘यू डिड गो’चं ‘डिड यू गो?’ नकार हवा असेल तर दोन तुकड्यांच्या मध्ये ‘नॉट’ बसवा: ‘शी डझ नॉट नो’. सुरुवातीला हे सगळं तोंडानं मोठ्यानं करा. वाक्य, उघडलेलं वाक्य, प्रश्न, नकार, अशा चार पायऱ्या. ‘दे सोल्ड द फ्लॅट.’ ‘दे डिड सेल द फ्लॅट.’ ‘डिड दे सेल द फ्लॅट?’ ‘दे डिडन्ट सेल द फ्लॅट.’ आठवडाभर रोज दहा मिनिटं असं केलं की मधली पायरी मनातल्या मनात आपोआप होऊ लागते.

जिथे क्रियापद आधीच दोन तुकड्यांत असतं तिथे ‘डू’ची गरज नसते. ‘कॅन’, ‘विल’, ‘शुड’, ‘मस्ट’ यांना तो लागत नाही. ‘आय हॅव सीन’मधल्या ‘हॅव’लाही लागत नाही. ‘ॲम’, ‘इज’, ‘आर’ हे एकटे असले तरी स्वतःच पुढे सरकतात, म्हणून ‘डू यू आर रेडी?’ चुकीचं आणि ‘आर यू रेडी?’ बरोबर. फक्त आज्ञा देताना ‘बी’ला ‘डोन्ट’ लागतो: ‘डोन्ट बी लेट’.

आणखी दोन ठिकाणी चांगलं इंग्रजी बोलणारेही फसतात. पहिलं ठिकाण, प्रश्न खुद्द कर्त्याबद्दल असतो तेव्हाचं. ‘कोण आलं?’ याला ‘हू केम?’ एवढंच पुरतं. ‘काय झालं?’ याला ‘व्हॉट हॅपन्ड?’ ‘हू’ किंवा ‘व्हॉट’ हाच कर्ता असला की क्रियापद मिटलेलंच राहू द्यायचं. दुसरं ठिकाण, प्रश्न मोठ्या वाक्याच्या पोटात गेलेला असतो तेव्हाचं. ‘तो कुठे राहतो?’ म्हणजे ‘व्हेअर डझ ही लिव्ह?’ पण ‘तो कुठे राहतो ते सांगा’ म्हणजे ‘टेल मी व्हेअर ही लिव्ज’. इथे विचारण्याचं काम ‘टेल मी’नं केलेलं असतं, त्यामुळे ‘डझ’ येत नाही. मुलाखतीत आणि ई-मेलमध्ये ‘प्लीज टेल मी व्हेन डझ द ऑफिस ओपन’ असं फार वेळा आढळतं. व्याकरणाच्या बारीक नजरेच्या माणसाला ते लगेच खटकतं.

इंग्रजीला ही ‘डू’ची सवय पहिल्यापासून नव्हती. जुन्या इंग्रजीत प्रश्न विचारायचा तर क्रियापद सरळ कर्त्याच्या आधी आणत: ‘नो यू हिम?’ नकारात ‘आय नो हिम नॉट’. इंग्रजीच्या जवळच्या नात्यातल्या जर्मन आणि डच भाषा आजही असंच करतात. इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात 13व्या शतकापासूनच्या लिखाणात, विशेषतः पद्यात, मुख्य क्रियापदाच्या आधी अर्थाशिवायच ‘डू’ येऊ लागला. पुढे 16व्या शतकात त्याचा इतका सुळसुळाट झाला की प्रश्न नाही, नकार नाही, जोर द्यायचा नाही, अशा साध्या विधानातही लोक ‘आय डू गो’, ‘ही डिड से’ लिहू लागले. विधानांमधला हा जास्तीचा ‘डू’ नंतर गळून पडला, प्रश्न आणि नकारांतला टिकला, आणि 1700च्या सुमाराला आजच्यासारखी घडी बरीचशी बसली. ही सगळी वाटचाल स्वीडनचे भाषाशास्त्रज्ञ आल्वार एलेगोर्ड यांनी जुने ग्रंथ चाळून, वाक्यं मोजून 1953 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मांडली. शेक्सपिअरच्या नाटकांत आणि 1611च्या बायबलच्या भाषांतरात दोन्ही पद्धती शेजारी शेजारी सापडतात, कारण ती भाषा त्या वेळी ऐन बदलात होती. ‘नो’ आणि ‘डाउट’ यांसारखी सतत वापरातली काही क्रियापदं तर ‘डू’ला बराच काळ बधली नाहीत, ‘आय नो नॉट’ हे इतरांपेक्षा उशिरापर्यंत टिकलं. वेल्श आणि कॉर्निश या ब्रिटनमधल्या केल्टिक भाषांतही ‘करणे’ अर्थाचं क्रियापद असं साहाय्यक म्हणून येतं. इंग्रजीनं ते तिथून उचललं का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

जास्तीचा ‘डू’ आपल्याकडे मात्र अजून जिवंत आहे, आणि तोही फार मानाच्या जागी. भारतीय संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत मंत्री, खासदार, आमदार, न्यायमूर्ती यांच्या शपथांचे नमुने आहेत. त्यांच्या इंग्रजी पाठात ‘स्वेअर’च्या आधी ‘डू’ आहे. कोर्टातल्या प्रतिज्ञापत्रांतही ‘डू हिअरबाय सॉलम्नली अफर्म’ असतंच. कायद्याची भाषा जुनी रूपं जपून ठेवते, त्यामुळे तिथे ते शोभतं. नोकरीच्या अर्जात ‘आय डू हिअरबाय अप्लाय’ लिहू नका, तिथे ‘आय ॲम अप्लाइंग’ पुरे.

रोजच्या इंग्रजीत होकारार्थी वाक्यात ‘डू’ आला की तो जोर देतो. मराठीत हे काम ‘च’ किंवा ‘खरंच’ करतो. कुणी म्हणालं, ‘तू फोन केला नाहीस’, तर उत्तर ‘आय डिड कॉल यू’, म्हणजे ‘केला होता की!’ समोरच्यानं आधी नाकारलेलं असेल किंवा शंका घेतली असेल तरच हा ‘डू’ वापरा. प्रत्येक वाक्यात घातला तर आपण सतत भांडतोय असं ऐकणाऱ्याला वाटतं. आग्रह करताना तो गोड लागतो: ‘डू कम’ म्हणजे ‘या ना’, ‘डू हॅव सम मोअर’ म्हणजे ‘घ्या हो अजून थोडं’. पंगतीत आग्रह करकरून वाढणाऱ्या आपल्या माणसांना हा ‘डू’ आवडायला हरकत नाही.

उत्तर देताना इंग्रजी आणि मराठी वेगळ्या वाटेनं जातात. ‘येतोस का?’ ‘येतो.’ आपण क्रियापदच परत म्हणतो. इंग्रजीत प्रश्नातलं साहाय्यक क्रियापद परत म्हणतात: ‘डू यू लाइक इट?’ ‘यस, आय डू.’ सिनेमातल्या चर्चमधल्या लग्नात वधूवर ‘आय डू’ म्हणतात ते आपण पाहिलेलं असतं. इंग्लंडच्या चर्चच्या जुन्या प्रार्थनापुस्तकात मात्र त्या जागी ‘आय विल’ आहे, कारण तिथे प्रश्न ‘विल्ट’नं सुरू होतो. प्रश्नाच्या तोंडी जो शब्द, तोच उत्तरात, हा नियम त्या विधीनंही पाळला आहे. ‘मलासुद्धा’ म्हणायचं तर ‘सो डू आय’, ‘मलाही नाही’ म्हणायचं तर ‘नायदर डू आय’. वाक्याच्या शेवटी आपण जो ‘ना’ लावतो, ‘तू त्याला ओळखतोस ना?’, तिथे सरसकट ‘इझन्ट इट’ लावण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. प्रमाण इंग्रजीत ‘यू नो हिम, डोन्ट यू?’ असं होतं. हेही क्रियापद उघडण्याच्या युक्तीनं सुटतं.

उच्चाराबद्दल थोडंसंच. ‘डज’ नव्हे, ‘डझ’. ‘डोन’ नव्हे, ‘डन’. भरभर बोलताना ‘डिड यू’चं ‘डिजू’ होतं. तसं तुम्ही बोललं पाहिजे असं नाही. कानावर पडल्यावर कळलं की झालं.

आता ‘डू’च्या दुसऱ्या रूपाकडे, म्हणजे ‘करणे’ या खऱ्या अर्थाकडे येऊ. इथे मराठी माणसाची अडचण वेगळी आहे. आपलं ‘करणे’ फार उदार क्रियापद आहे. चहा करतो, चूक करतो, लग्न करतो, आंघोळ करतो, फोन करतो, प्रवास करतो, मदत करतो, अभ्यास करतो. इंग्रजी शब्दही त्याच्यापुढे उभा केला की मराठी होतो: डिलीट करणे, ॲडजस्ट करणे, बुक करणे. ही सवय घेऊन आपण इंग्रजीत उतरलो की सगळीकडे ‘डू’ बसवायला जातो, आणि ‘आय डिड अ मिस्टेक’, ‘शी डिड टी’ अशी वाक्यं जन्माला येतात. चहा ‘मेक’ करतात आणि चूकही ‘मेक’च. आंघोळ ‘हॅव’ किंवा ‘टेक’. लग्न ‘गेट मॅरिड’. प्रवास, मदत, फोन यांना इंग्रजीत स्वतःची क्रियापदं आहेत: ‘ट्रॅव्हल’, ‘हेल्प’, ‘कॉल’. प्रश्न ‘आस्क’ करतात, भाषण ‘गिव्ह’ करतात, निर्णय ‘मेक’ किंवा ‘टेक’.

‘डू’ आणि ‘मेक’ यांच्यातला फरक सांगताना पुस्तकं म्हणतात की काहीतरी नवं तयार झालं तर ‘मेक’, नुसतं काम उरकलं तर ‘डू’. हा नियम बऱ्यापैकी चालतो. पोळ्या तयार होतात म्हणून ‘मेक’, गृहपाठ उरकायचा असतो म्हणून ‘डू’. पण उपकार ‘डू अ फेवर’ आणि प्रयत्न ‘मेक ॲन एफर्ट’ का, हे त्या नियमातून निघत नाही. तिथे जोडी पाठ करावी लागते. नामाशेजारी त्याचं क्रियापद एकाच वेळी वहीत लिहून ठेवा. नुसतं ‘मिस्टेक’ लिहू नका, ‘मेक अ मिस्टेक’ लिहा. शब्दकोश पाहतानाही नामाखालची उदाहरणं वाचा, तिथे ही जोडी सापडते.

याच्या उलटही घडतं, आणि तिकडे आपलं लक्षच जात नाही. मराठीत ज्याला खास क्रियापद आहे तिथे इंग्रजी नुसत्या ‘डू’वर काम भागवते. भांडी आपण घासतो, ते ‘डू द डिशेस’. कपडे आपण धुतो, ते ‘डू द लॉन्ड्री’. वेणीफणी, केस विंचरणं हे सगळं ‘डू योर हेअर’मध्ये येतं. हॉटेलात खोली झाडून, चादरी बदलून ठेवणं म्हणजे ‘डू द रूम’. घरकामातला हा ‘डू’ वापरता आला की बोलणं एकदम नैसर्गिक वाटू लागतं.

‘चालेल’ आणि ‘पुरे’ हे आपले दोन लाडके शब्द. दोन्हींना इंग्रजीत ‘दॅट विल डू’ म्हणता येतं. दुकानदारानं निळा धागा नाही, आकाशी आहे म्हटलं तर ‘दॅट विल डू’. मुलं फार दंगा करायला लागली की आईचा ‘दॅट विल डू!’ म्हणजे ‘पुरे आता!’ ‘हाउ डू यू डू?’ यातला शेवटचा ‘डू’ही असाच, त्यात करण्याचा अर्थ नाही, ‘कसं चाललंय’ असा आहे. पहिल्याच ओळखीत, जरा औपचारिकपणे हे म्हणतात, आणि त्याला उत्तर म्हणून तेच वाक्य परत म्हणायचं असतं. प्रकृतीचा पाढा वाचायचा नसतो. हल्ली ते मागे पडलं आहे, ‘हाउ आर यू?’ सगळीकडे चालतं. ‘मेक डू’ म्हणजे आहे त्यात भागवणं. ‘डू विदाउट’ म्हणजे एखाद्या गोष्टीशिवाय चालवून घेणं. ‘डू अवे विथ’ म्हणजे मोडीत काढणं. ‘आय कुड डू विथ अ कप ऑफ टी’ म्हणजे ‘कपभर चहा मिळाला तर बरं होईल’, आणि हे वाक्य प्रत्येकानं पाठ करून ठेवावं इतकं उपयोगी आहे.

पत्रव्यवहारात ‘काइंडली डू द नीडफुल’ हे वाक्य आपल्या कचेऱ्यांमध्ये मुरलेलं आहे. ते चूक नाही. ब्रिटिश आमदानीतल्या दफ्तरी इंग्रजीतून ते आपल्याकडे आलं आणि राहिलं. पण ते वाचणाऱ्याला नेमकं काय करायचं ते सांगत नाही. ‘माझा पत्ता बदलून नवीन पासबुक पाठवा’ असं स्पष्ट लिहिलं तर काम लवकर होण्याची शक्यता असते. ‘डू वन थिंग’ हे तर थेट आपल्या ‘एक काम कर’चं भाषांतर आहे. भारतात ते सगळ्यांना कळतं, परदेशातला माणूस ‘फक्त एकच गोष्ट करायची का?’ म्हणून गोंधळतो. तिथे ‘व्हाय डोन्ट यू’नं वाक्य सुरू करा: ‘व्हाय डोन्ट यू कॉल हिम फर्स्ट?’ म्हणजे ‘एक काम कर, आधी त्याला फोन कर’. यातही पुन्हा ‘डू’ आहेच, फक्त योग्य जागी.

हे क्रियापद आपल्याला परकं वाटायचं कारण नाही, कारण ते आपल्या नात्यातलं आहे. ‘डू’चं नातं संस्कृतातल्या ‘कृ’शी किंवा आपल्या ‘करणे’शी नाही. ते ‘धा’ या धातूशी आहे. ‘दधाति’ म्हणजे ठेवतो, धारण करतो. 1786 साली कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एका मुळातून निघाल्या असाव्यात असं मांडलं. पुढे याकोब ग्रिम यांनी 1822 साली जर्मन-इंग्रजी घराण्यात ध्वनी कसे पद्धतशीर बदलले ते दाखवलं. मूळचा ‘ध’ इंग्रजीच्या घराण्यात ‘ड’ झाला. आपल्या ‘मध्य’चा भाऊ इंग्रजीत ‘मिड’, ‘विधवा’चा ‘विडो’, ‘रुधिर’चा ‘रेड’, मधापासून केलेल्या मद्याचं नाव ‘मीड’ हे आपल्या ‘मधु’चं. त्याच नियमानं ‘धा’चा ‘डू’. ‘दधाति’त धातूची जी द्विरुक्ती आहे तिचाच जुना अवशेष ‘डिड’मधल्या दोन ‘ड’मध्ये उरला आहे. बऱ्याच अभ्यासकांच्या मते तर ‘लव्ह्ड’, ‘वॉक्ड’ यांच्या शेवटी येणारा भूतकाळाचा ‘ड’ हाही मुळात या ‘डिड’चाच झिजलेला अवशेष आहे. जाता जाता एक सावधगिरी: पाणिनीच्या धातुपाठात हा धातू ‘डुधाञ्’ असा येतो, पण त्यातला ‘डु’ ही व्याकरणाची सांकेतिक खूण आहे. तिचा इंग्रजी ‘डू’शी काही संबंध नाही.

आधी ठेवणं, मग घडवणं, मग करणं, असा अर्थाचा प्रवास इंग्रजीत झाला. जुना ‘ठेवणे’चा अर्थ काही शब्दांत अजून दिसतो. कपडा अंगावर ‘डू ऑन’ म्हणजे चढवणे, त्याचा ‘डॉन’ झाला. टोपी ‘डू ऑफ’, त्याचा ‘डॉफ’. ‘धा’पासून आपल्याकडेही ‘परिधान’ आहे, तेही अंगावर ठेवणंच. केलेलं ते ‘डीड’, आणि केल्याचा कागद तोही ‘डीड’. म्हणून घराच्या खरेदीखताला आपण ‘सेल डीड’ म्हणतो. मांडलेला निवाडा तो ‘डूम’. विल्यम द कॉन्करर या राजानं 1086 साली इंग्लंडातल्या जमिनीची आणि मालमत्तेची जी नोंद करवली तिला ‘डूम्सडे बुक’ म्हणतात, त्यात हाच शब्द आहे. ‘किंगडम’, ‘फ्रीडम’, ‘विज्डम’ यांच्या शेवटचा ‘डम’ही तोच. आणि निवाडा देणे, मानणे या अर्थाचा ‘डीम’ही त्याच घरातला. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांचे सभासद ज्या ‘डीम्ड कन्व्हेयन्स डीड’साठी वर्षानुवर्षं खेटे घालतात, त्या तीन शब्दांत ‘डू’चे दोन नातेवाईक बसले आहेत.

मराठीत ‘धा’ची प्रजा याहून मोठी आहे. विधान, विधी, विधेयक, विधानसभा, संविधान. निधी, संधी, समाधी, व्याधी, उपाधी. समाधान, अवधान, प्रधान. श्रद्धा. ‘धा’चं भूतकालवाचक विशेषण ‘हित’ असं होतं, त्यामुळे एकत्र ठेवलेली ती ‘संहिता’ आणि पुढे ठेवलेला तो ‘पुरोहित’. लॅटिनमध्ये याच मुळापासून निघालेल्या शब्दांतून इंग्रजीला ‘फॅक्ट’, ‘फॅक्टरी’, ‘ऑफिस’, ‘सर्टिफिकेट’ मिळाले, तर ग्रीकमधून ‘थीम’ आणि पीएच.डी.वाल्यांचा ‘थिसिस’. इतकं गोत असलेल्या क्रियापदाला बिचकायचं कशाला?

पालकांसाठी एक गोष्ट. मूल ‘आय डिडन्ट वेन्ट’ म्हणालं की हसू नका, आणि चारचौघांत तर मुळीच टोकू नका. इंग्लंड-अमेरिकेत इंग्रजी बोलणाऱ्या घरात जन्मलेली मुलंही लहानपणी काही काळ ‘डिड यू सॉ’ असं दुहेरी बोलतात. भूतकाळाची खूण हवी हे मुलाला कळलंय, ती एकदाच द्यायची हे अजून कळायचंय, एवढाच त्याचा अर्थ. तुम्ही तेच वाक्य बरोबर करून सहज परत म्हणा: ‘ओह, यू डिडन्ट गो?’ आणि गप्पा पुढे चालू ठेवा.

मोठ्या वयात शिकणाऱ्यांनी इंग्रजी वर्तमानपत्रातली एक छोटी बातमी घ्यावी. तिच्यातलं प्रत्येक साधं क्रियापद उघडावं, त्याचा प्रश्न करावा, नकार करावा, तेही मोठ्यानं. मोबाइलवर स्वतःचा आवाज टिपून ऐकला तर ‘डिड’नंतर ‘वेन्ट’ किंवा ‘सेड’ निसटलेला कानाला लगेच टोचतो. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्या अशाच वाक्यामागून वाक्य घोटत.

इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे वेळ कमी पडतो असं म्हणता येत नाही. फळ्यावर आधी ‘तू येतोस’ आणि ‘तू येत नाहीस’ लिहा, ‘स’ कुठून कुठे गेला ते मुलांकडूनच काढून घ्या, आणि मग शेजारी ‘ही कम्स’, ‘ही डझ नॉट कम’ लिहा. नवं सत्र सुरू झालं की पहिले पंधरा दिवस एवढंच घ्या. बारा काळांचा तक्ता त्यानंतरही भिंतीवर लावता येईल.